ऑफिसने टाकलेला कॉम्प्युटर खरंच मेलेला असतो का?

"चौदा कॉम्प्युटर आहेत, नेता का? नाहीतर शुक्रवारी भंगारवाल्याला बोलावलंय."

अंधेरीच्या एका ऑफिसातून आमच्या मंडळाच्या सेक्रेटरीकाकांना असा फोन आला. परळला चाळीत आमची अभ्यासिका आहे. पन्नासेक पोरंपोरी रोज संध्याकाळी तिथे बसतात आणि तोवर तिथे एकही कॉम्प्युटर नव्हता. काका हो म्हणून मोकळे झाले. टेम्पो आला, जिन्याखाली थप्पी लागली आणि मग काकांनी मला हाक मारली. "अरे, हे चालतात का बघ जरा. आणि ते विंडोज बंद झालं म्हणतात ना? मग आपण काय भंगार उचलून आणलं की काय?"

काकांना पडलेला प्रश्न सध्या अनेकांना पडतोय. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला आणि ऑफिसं, क्लासेस, दवाखाने जुनी मशिनं काढायला लागले. त्यातली काही भंगारात जातात, काही 'दान' म्हणून शाळा-मंडळांकडे येतात. अशा मशीनचं काय करता येतं, काय करता येत नाही आणि त्यात लिनक्स नावाची भानगड कुठून येते, ते बघू.

हिशेबाच्या वहीतलं मरण

आधी एक गंमत. कंपनी कायदा २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत डेस्कटॉप आणि लॅपटॉपचं उपयुक्त आयुष्य तीन वर्षं धरलंय. आयकरात कॉम्प्युटरवर दर वर्षी ४० टक्के घसारा मिळतो. म्हणजे ५०,००० रुपयांचं मशीन वहीत पहिल्या वर्षअखेरीस ३०,००० चं, मग १८,००० चं, मग १०,८०० चं. चौथ्या वर्षी ते साडेसहा हजारांच्या आत येतं आणि ते कपाटात ठेवावं की द्यावं याचं कुणाला सुखदुःख उरत नाही. मशीन मात्र पहिल्या दिवशी जेवढं जोरात चालायचं जवळपास तेवढ्याच जोरात चालत असतं.

हे त्याचं पहिलं मरण, वहीतलं. दुसरं सॉफ्टवेअर कंपनीच्या कॅलेंडरवरचं. तिसरं आणि खरं मरण येतं ते मदरबोर्ड जळतो किंवा गंजतो तेव्हा. दुसऱ्या आणि तिसऱ्या मरणाच्या मध्ये कितीतरी वर्षं शिल्लक असतात. आमचे चौदा डेस्कटॉप चौथ्या पिढीच्या आय५ प्रोसेसरचे, म्हणजे २०१३-१४ च्या सुमाराचे. त्यातले खरोखर मेलेले तीनच निघाले.

सपोर्ट संपला म्हणजे काय संपलं?

विंडोज १० बंद पडलेलं नाही. १५ ऑक्टोबरला सकाळी ते आदल्या दिवसासारखंच सुरू झालं. संपली ती दुरुस्ती. मुंबईकराला हे म्हाडाच्या उदाहरणाने चटकन कळेल. जुनी उपकरप्राप्त इमारत उद्या दुरुस्ती मंडळाने वाऱ्यावर सोडली तर ती त्याच रात्री पडणार नाही. पण पुढे गेलेला प्रत्येक तडा तसाच राहील, वाढेल, आणि तो कुठे आहे ते चोरांनाही कळेल. सॉफ्टवेअरमध्ये दर महिन्याला नवे तडे सापडतात. अपडेट म्हणजे त्यांत भरलेलं सिमेंट. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा-अपडेटची सोय ठेवली, पण तो मुदतवाढीचा कागद झाला.

मग विंडोज ११ टाका की, असं कुणीही म्हणेल. ते टीपीएम २.० मागतं. टीपीएम म्हणजे कुलपाच्या किल्ल्या सांभाळणारी, प्रोसेसरमधली किंवा बोर्डावरची छोटी तिजोरी. शिवाय इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ नंतरचा हवा. आडवाटेने ते जुन्या मशीनवरही चढवता येतं, पण मग पुढचे अपडेट मिळण्याची हमी नाही. म्हणजे पुन्हा वाऱ्यावर. सुरक्षेसाठी नवं हार्डवेअर मागणं यात सगळंच कारस्थान आहे असं मी म्हणणार नाही. पण त्या एका अटीने जगभरातली असंख्य धडधाकट मशिनं एका झटक्यात 'जुनी' ठरली, हेही खरं.

लिव्ह अँड लायसन्सचं घर आणि नकाशासकट घर

आता लिनक्स. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे मशीनचे भाग आणि तुमचे प्रोग्राम यांच्यामधला कारभारी. कुणाला किती मेमरी, प्रिंटरवर आधी कोण, हे तो ठरवतो. विंडोज हा एक कारभारी, लिनक्स दुसरा. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याचा गाभा लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला केला. त्याआधी १९८३ पासून रिचर्ड स्टॉलमन यांनी अमेरिकेत मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू केली होतीच. दोन्ही धागे एकत्र आले.

'मुक्त' या शब्दाने गोंधळ होतो. लोक त्याचा अर्थ फुकट असा घेतात. आपण विंडोज विकत घेतो असं म्हणतो, पण खरं तर लायसन्स घेतो. मुंबईत लायसन्स म्हणजे काय ते कुणाला सांगायला नको. अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स करून राहिलेल्या माणसाला विचारा. पैसे भरलेत, किल्ली खिशात आहे, पण भिंतीला खिळा मारायचा तर मालकाला विचारा, आणि पोटभाडेकरू ठेवायचा नाही. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये किल्लीबरोबर घराचा नकाशाही हातात मिळतो. भिंत पाडा, माळा काढा, तसंच दुसरं घर बांधून शेजाऱ्याला द्या. लिनक्सच्या गाभ्याला जे जीपीएल नावाचं लायसन्स आहे त्यात अट एवढीच की शेजाऱ्याला घर दिलंत तर सुधारलेला नकाशाही द्यायचा, दडवायचा नाही.

दानाच्या मशीनला याचा फायदा सरळ आहे. एकदा बसवलेली सिस्टिम चौदाच काय, चौदाशे मशीनवर उतरवली तरी कायदा मोडत नाही. आपल्याकडे 'थोड्या पैशांत विंडोज टाकून देतो' म्हणणारे गल्लोगल्ली आहेत. ते जे टाकतात ते बहुधा चोरीचं असतं, आणि कुलूप तोडायला वापरलेल्या त्या छोट्या प्रोग्रामातून काय काय घरात शिरतं ते टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

लिनक्सचे प्रकार पुष्कळ, त्यांना डिस्ट्रो म्हणतात. मिसळीसारखं समजा. उसळ तीच, वरचं फरसाण आणि तर्री गावागणिक वेगळी. उबुंटू २००४ पासूनचं, मिंट २००६ पासूनचं, डेबियन तर १९९३ पासूनचं. आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनेही बॉस नावाचं एक बनवलंय. आम्ही मिंट घेतलं, त्यातही एक्सएफसीई हा हलका अवतार, कारण तो विंडोज पाहिलेल्या माणसाला परका वाटत नाही. खाली डावीकडे मेन्यू, उजवीकडे घड्याळ. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. हे सगळं आधी पेनड्राइव्हवरून, काहीही न पुसता चालवून बघता येतं. साडी घ्यायच्या आधी खांद्यावर टाकून बघतात तसं.

ओटा, माळा आणि शिडी

"लिनक्स टाकलं की जुना कॉम्प्युटर पळायला लागतो" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ते अर्धं खरं आहे.

दहा बाय बाराच्या खोलीतलं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. रॅम म्हणजे ओटा. आत्ता लागतं ते सगळं ओट्यावर. डिस्क म्हणजे माळा, तिथे सगळं सामान. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणाऱ्या बाईचे हात. हात कितीही चपळ असले तरी ओटा भरला की काहीतरी माळ्यावर टाकावं लागतं आणि लागलं की पुन्हा काढावं लागतं. जुनी फिरती हार्ड डिस्क म्हणजे प्रत्येक वेळी शिडी लावून चढणं. एसएसडी ही नव्या प्रकारची, न फिरणारी डिस्क म्हणजे हात वर केला की मिळणारी फळी. जुनं मशीन रडतं ते बहुतेक वेळा या शिडीपायी, हातांपायी नाही.

हलकं लिनक्स ओट्यावर कमी पसारा मांडतं, एवढं त्याचं श्रेय. पण तुम्ही ब्राउझर उघडून दहा टॅब लावलेत की तो पसारा विंडोजवर असता तेवढाच लिनक्सवर होतो, कारण हल्लीच्या वेबसाइटच अवजड आहेत. म्हणून आमचा नियम असा ठरला: एसएसडी नसेल तर मशीन पोरांपुढे ठेवायचंच नाही. चार जीबी रॅम म्हणजे काटकसर, आठ जीबी म्हणजे निवांत. दोन जीबीचं मशीन फार तर टायपिंगला.

चौदा मशीनमध्ये रॅमची चार जीबीची एकेक पट्टी होती. टेबलं नऊच. नऊ मशीनना आठ-आठ जीबी द्यायचे तर अठरा पट्ट्या हव्या. चौदा हाताशी होत्या, चार लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून जुन्या आणल्या. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा बाजार असा तापवला की नव्या पट्ट्यांचे भाव ऐकून दुकानाच्या पायरीवरच बसावं. त्यामुळे मेलेल्या मशीनमधली पट्टी काढून ठेवणं हा आता कंजूसपणा राहिलेला नाही.

यूट्यूबचंही सांगून ठेवतो. तिथले व्हिडिओ हल्ली ज्या पद्धतीने आवळलेले असतात ती उलगडायची सोय जुन्या प्रोसेसरमध्ये नसते, मग सगळा भार हातांवर येतो आणि पंखा विमानासारखा घोंगावतो. दर्जा ४८० वर आणा, विमान खाली उतरतं.

पेटी उघडल्यावर

आता प्रत्यक्ष काम. यासाठी इंजिनिअर लागत नाही. फुलीच्या टोकाचा स्क्रू-ड्रायव्हर, रंगवायचा ब्रश, शाळेतला खोडरबर आणि धीर लागतो.

पहिली पेटी उघडली तर पंख्यावर राखाडी गोधडी पांघरल्यासारखी धूळ, आणि पॉवर सप्लायच्या कोपऱ्यात वाळलेलं झुरळ. सुरू केलं तर स्क्रीन काळी आणि आतून बीप, बीप, बीप. रॅम नीट लागत नाही असा त्याचा अर्थ. इथे लॅमिंग्टन रोडचा जुना मंत्र: पट्टी काढायची, तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर हलकेच फिरवायचा, भुगा ब्रशने झाडायचा, परत बसवायची. मुंबईच्या दमट हवेत त्या दातांवर थर चढतो, तो निघतो. चौदापैकी चार मशिनं एवढ्यावर जागी झाली. बघायला उभी राहिलेली आठवीतली पोरगी म्हणाली, "दादा, माझ्याकडे सेंटवाला खोडरबर आहे, चालेल?" चालला.

दुसऱ्या एका मशीनने माझा अख्खा रविवार खाल्ला. लिनक्स बसलं, वायफाय लागलं, पण कोणतीही वेबसाइट उघडली की 'हे कनेक्शन सुरक्षित नाही'. केबल बदलली, राउटर बदलला, तीन वेळा सिस्टिम नव्याने टाकली. शेवटी कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेलं. तिथे २०१३ साल चालू होतं. बोर्डावर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर२०३२. मशीन बंद असताना तो घड्याळ चालू ठेवतो. तो संपला होता. वेबसाइटच्या ओळखपत्राला आरंभाची आणि अंताची तारीख असते. मशीनच्या मते ती ओळखपत्रं अजून जन्माला यायची होती, मग ते विश्वास ठेवणार कसा? नवा सेल बसवला, तारीख दुरुस्त केली, दोन मिनिटांचं काम. तेव्हापासून मी आधी सेल बदलतो आणि मग बाकीचं.

आणि अर्थिंग. चाळीतल्या जुन्या वायरिंगमध्ये तीन पिनांच्या सॉकेटची वरची पिन पुष्कळदा शोभेची असते. मशीनच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात. "थोडा करंट लागतो, चालतं" असं म्हणून पुढे जाऊ नका. वायरमनला बोलावून आधी अर्थिंग करून घ्या. आमचा सगळ्यात मोठा खर्च तोच झाला आणि त्याबद्दल मला जराही वाईट वाटत नाही.

एक मशीन सगळं नीट बसवून झालं की क्लोनझिला नावाच्या मुक्त प्रोग्रामने तेच बाकीच्या आठांवर छापलं. झेरॉक्सच म्हणा.

"आमच्या फायली त्यात राहिल्या तर?"

दात्याची ही शंका अगदी रास्त आहे. आमच्या चौदातल्या सहा मशीनच्या हार्ड डिस्क ऑफिसने याच धास्तीने काढून घेतल्या होत्या.

फाइल डिलीट केली, रिसायकल बिन रिकामी केली, म्हणजे ती गेली असं वाटतं. तलाठ्याच्या वहीत नावावर रेघ मारली म्हणून जमीन नाहीशी होत नाही, तसंच हे. डिस्क फक्त आपल्या यादीतून फाइलचं नाव काढते. मजकूर त्या जागेवर नवं काही लिहिलं जाईपर्यंत तिथेच असतो आणि साध्या प्रोग्रामने परत मिळतो. झटपट फॉरमॅटही मुख्यतः यादीच कोरी करतं.

उपाय असा की डिस्कच्या प्रत्येक घरावर काहीतरी निरर्थक लिहून काढायचं. एनवाइप नावाचा मुक्त प्रोग्राम हे करतो. ५०० जीबीच्या डिस्कला एका फेरीला दीड-दोन तास लागतात आणि आजच्या डिस्कना एक फेरी पुरते. सात-सात वेळा पुसायची प्रथा जुन्या काळातली. एसएसडीची गोष्ट निराळी. ती आतल्या आत जागा फिरवत राहते, त्यामुळे वरून लिहून सगळी घरं पुसली जातीलच असं नाही. तिला तिच्याच कंट्रोलरची 'सुरक्षित पुसा' ही आज्ञा द्यावी लागते.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेच्या हलगर्जीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तेव्हा ऑफिस घाबरतं यात नवल नाही. आम्ही आता दात्यासमोर डिस्क पुसतो आणि क्रमांक लिहून सहीचा कागद देतो. एवढ्यावर नंतरच्या दोन दात्यांनी डिस्कसकट मशीन दिलं.

"पण बाहेर सगळीकडे विंडोजच आहे ना?"

पालकांचा हा पहिला सवाल. "एमएस-सीआयटीला विंडोजच शिकवतात. पोरीला हे भलतंच शिकवून काय उपयोग?"

खरं उत्तर दोन भागांत आहे. फाइल कुठे ठेवली, मेलला जोडपत्र कसं लावायचं, तक्त्यात बेरीज कशी टाकायची, या गोष्टी विंडोजच्या नाहीत, कॉम्प्युटरच्या आहेत. लिब्रे ऑफिस या वर्ड-एक्सेलसारख्या मुक्त प्रोग्राममध्ये शिकलेली बेरीज एक्सेलमध्येही बेरीजच असते. स्कूटर शिकलेला माणूस दुसऱ्या कंपनीची स्कूटर चालवतोच की. केरळच्या सरकारी शाळांत तर गेली अनेक वर्षं कॉम्प्युटरचं शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवरच होतं आणि तिथली पोरं नोकऱ्यांत मागे पडल्याचं काही ऐकिवात नाही. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सचाच, आणि जगातल्या सर्वांत वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटरांच्या यादीत २०१७ च्या नोव्हेंबरपासून सगळे लिनक्सवरचेच.

दुसरा भाग थोडा कडू. टॅली, फोटोशॉप, कोरलड्रॉ, ऑटोकॅड लिनक्सवर सरळ चालत नाहीत. फ्लेक्स छापणाऱ्या दुकानात नोकरी धरायची असेल तर कोरलड्रॉच यावं लागतं, तिथे आमचं मशीन कामाचं नाही. वर्डमधली फाइल लिब्रे ऑफिसमध्ये उघडते, पण मूळचा फॉन्ट नसेल तर ओळी सरकतात. म्हणून अर्ज कुठे पाठवायचा तर पीडीएफ करूनच पाठवा. आणि प्रिंटर! आपल्याकडच्या ऑफिसांत दिसणारा तो छोटा, टिकाऊ, सगळ्यांचा लाडका लेझर प्रिंटर मला दोन रविवार नाचवून शेवटी चाललाच नाही. प्रिंटर घेण्याआधी लिनक्सवर चालतो का ते विचारा, नंतर नव्हे.

विंडोज ११ झेलणारं, परवान्यासकट आलेलं एखादं मशीन दानात मिळालं तर ते विंडोजवरच ठेवा. इथे धर्मयुद्ध करायचं नाहीये.

"मराठी टाइप होतं का?"

होतं, आणि चांगलं होतं. युनिकोड मराठी, म्हणजे कुठल्याही मशीनवर सारखीच वाचता येणारी, आणि तिचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड लिनक्समध्ये मिळतोच. इंग्रजी अक्षरांवरून 'namaskar' लिहून 'नमस्कार' उमटवायची सोयही बसवता येते. फॉन्टचीही चंगळ आहे. मुंबईच्याच एक टाइप या मंडळींनी केलेले मुक्ता, बलू आणि मोदक हे फॉन्ट खुले आहेत. गणपतीच्या पत्रिकेला मोदक लावला तेव्हा काका पहिल्यांदा लिनक्सवर खूश झाले.

अडचण येते ती जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या फायलींची. मंडळाचे पंधरा वर्षांचे अहवाल अशाच फॉन्टात होते. ते उघडले की सगळं 'मंत्र घातल्यासारखं' दिसतं. पण हा दोष लिनक्सचा नाही. तो फॉन्ट नसलेल्या विंडोजवरही तेच दिसेल.

कुणी शिकवायला नसेल तर पवईच्या आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प आहे. लिनक्स, लिब्रे ऑफिस असे विषय छोट्या छोट्या व्हिडिओंतून, मराठी आवाजातही.

"मोबाइल आहे की प्रत्येकाकडे"

आहे. आणि स्कॉलरशिपचा महाडीबीटीचा अर्ज मोबाइलवर भरताना अर्ध्यात पान उडालेली पोरं आमच्याकडेच येतात. बारावीनंतरची एमएचटी-सीईटी कॉम्प्युटरवर होते. आयुष्यात माउस न धरलेला मुलगा तिथे गणिताआधी माउसशी झगडतो. एका पोराला आम्ही पाहिलं, तो स्क्रीनवर बोट ठेवून पान वर ढकलत होता.

"वीजबिल कोण भरणार?"

असा डेस्कटॉप आणि एलईडी स्क्रीन मिळून साध्या कामाला साधारण ६० वॅट धरू. नऊ मशिनं, संध्याकाळचे चार तास: २१६० वॅट-तास, म्हणजे दोन युनिटच्या थोडं वर. एखादा एसी दीड-दोन तासांत एवढं खातो. जुना काचेचा ढोल मॉनिटर असेल तर मात्र हिशेब बिघडतो, तो घेऊच नका.

नाही म्हणायला शिका

दान आलं की नाही म्हणवत नाही, हा आपला स्वभाव. पण मंडळाची खोली म्हणजे ऑफिसचा माळा नव्हे. ३२-बिटचं, म्हणजे फार जुन्या घडणीच्या प्रोसेसरचं मशीन आता घेऊ नये. २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने त्यासाठीचं इन्स्टॉलेशन सोडलं, फायरफॉक्सनेही ३२-बिट लिनक्सची साथ सोडली. चार्जर नसलेले लॅपटॉप घेऊ नयेत. आणि सर्वांत महत्त्वाचं, बायोसचा पासवर्ड. मशीन सुरू होताना विंडोजच्याही आधीचं ते कुलूप असतं. ऑफिसच्या आयटी खात्याने ते लावलेलं असतं आणि मशीन देताना काढायचं विसरतात. नंतर तो माणूस नोकरी सोडून जातो आणि लॅपटॉप तुमच्याकडे विटेसारखा पडून राहतो.

जे उरतं त्याचं काय? २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला नोंदणीकृत मार्गाने गोळा होऊन पुनर्वापरात गेला तो २२.३ टक्के. बाकीच्यातला कितीतरी उघड्यावर जाळला जातो, तांब्यासाठी वायरी आणि सोन्यासाठी बोर्ड. तो धूर, ते ॲसिड आणि त्यातलं शिसं काम करणाऱ्यांच्या अंगात जातं. भारतात १ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम लागू आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच तो द्यावा. आमची तीन मेलेली मशिनं आम्ही पट्ट्या, सेल, पंखे काढून अशाच रिसायकलरकडे दिली. पावती घ्या. आणि दात्याकडून पत्र घेताना त्यात 'वापरण्याजोगी' हा शब्द असू द्या, म्हणजे दानाच्या नावाखाली कुणी आपला कचरा तुमच्या नावावर चढवत नाही.

फुकट नसलेली एकच गोष्ट

सॉफ्टवेअर फुकट, मशीन फुकट, मग अशा कॉम्प्युटर रूम सहा महिन्यांत कुलूपबंद का होतात? कारण उद्घाटनाला नारळ फोडणारे दहा असतात आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडून एखादं मशीन रुसलं की बघणारा कुणी नसतो. अमेरिकेत पोर्टलंडला फ्री गीक नावाची संस्था २००० पासून हेच काम करते. तिथे स्वयंसेवक येऊन दुरुस्ती शिकतात आणि कामाच्या बदल्यात कॉम्प्युटर मिळवण्याची सोयही त्यांनी केली होती. त्यातला शिकण्याचा भाग मला पटला. आमच्याकडे आता खोडरबरवाली ती आठवीतली पोरगी आणि आणखी दोघं पेटी उघडतात, पुसतात, क्लोन करतात. मी फक्त बाजूला बसतो आणि अर्थिंगकडे लक्ष ठेवतो.

चुका चालूच आहेत. पोरं मेल उघडं ठेवून जातात म्हणून आम्ही पाहुण्यांचं खातं सुरू केलं. बाहेर पडलं की त्यातलं सगळं आपोआप पुसलं जातं. पहिल्याच आठवड्यात एका मुलीने स्कॉलरशिपचे सगळे दाखले त्यात स्कॅन करून ठेवले, पेनड्राइव्हवर घ्यायचे राहिले आणि लॉगआउट केलं. परत स्कॅन करायला रात्रीचे साडेनऊ वाजले. आता प्रत्येक स्क्रीनच्या वर हाताने लिहिलेली पाटी आहे: 'उठण्याआधी पेनड्राइव्ह'.

गेल्या आठवड्यात काकांना पुन्हा फोन आला. या वेळी बीकेसीतून, वीस लॅपटॉप. काकांनी हो म्हटलं नाही. वही काढून तीन प्रश्न विचारले: चार्जर आहेत का, डिस्क आमच्यासमोर पुसू का, आणि बायोसचा पासवर्ड काढलाय का. पहिल्या दोन्हींना हो आलं. तिसऱ्याला पलीकडचा माणूस म्हणाला, "एक मिनिट हं, आयटीला विचारून सांगतो." अजून सांगितलेलं नाही.